तक्ता : हुहताला, रेइनो

एका पानाला एक डॉलर, असा दर आहे आमच्या कचेरीत.
त्याच्याकडूनही मी तो घेतला.

सन शहाऐंशी. मतं पडली दोन हजार एकशे चौदा.
तो पडला.
अठ्ठ्याऐंशी. बर्फ पडला ऑक्टोबरातच, कमरेइतका,
मतं पडली सोळाशे, तो पडला.
नव्वद साली पक्षानं तिकीट दिलं नाही. अपक्ष उभा राहिला.
वर्तमानपत्रानं त्याला ‘इतर’मध्ये टाकलं,
नाव न छापता.
ब्याण्णव, चौऱ्याण्णव : तेच.
शहाण्णव साली फक्त दोनशे छत्तीसनं.
माझा नवरा म्हणाला, झालं,
आता हा माणूस काही थांबत नाही.

शाळेची बस चालवायचा, सात नंबरची.
उन्हाळ्यात लोकांच्या बोटींची इंजिनं खोलायचा
आणि तशाच ग्रीसच्या हातांनी प्रचाराला निघायचा.
बोलता येत नसे त्याला. फिनिश घरांतून
तीन कप कॉफी प्यायल्याशिवाय उठता येत नाही,
म्हणून दिवसाकाठी सातच घरं.
क्लाइड ट्रेगेम्बोचं ट्रक विकायचं दुकान होतं,
आणि रेडिओवर सकाळ-संध्याकाळ त्याचा आवाज.

लाकडी पाट्या त्याच त्या.
दर दोन वर्षांनी सालाचा शेवटचा आकडा तेवढा रंगवायचा.
सहाचा आठ करायला फारसा रंग लागत नाही.
ऊन तिरकं असलं की खालची सगळी सालं
फुगवट्यासारखी दिसायची.

एल्क हॉलो टाउनशिप : वर, तांब्याच्या बंद खाणीच्याही पलीकडे,
सत्तेचाळीस मतदार, सगळे ट्रेगेम्बोचे.
तिथे त्याला शहाऐंशी साली एक मत.
अठ्ठ्याऐंशी साली एक.
अपक्ष होता तेव्हासुद्धा एक.
आम्ही मोजताना हसायचो : आलं बघ, एल्क हॉलोचं.
कुणाचं, हे विचारायचं नसतं.
एवढ्याशा गावात तर मनातही नाही.

अठ्ठ्याण्णव साली तो निवडून आला.
सतरा मतांनी. फेरमोजणीत अकरा उरली.
लायन्स क्लबच्या हॉलमध्ये केक कापला,
त्यावरच्या आडनावात एक ‘ह’ कमी होता.

पुढच्या सोमवारी मी कुलूप काढायच्या आत हा पायरीवर.
एकूण बेरीज नको होती, टाउनशिपवार पान हवं होतं.
काळ्या नखाचं बोट रकान्यातून खाली खाली आलं,
थांबलं.
“इथे शून्य आहे.”
हो, म्हटलं.
“चुकलं असेल.”
दोनदा मोजलंय, रेइनो.
बराच वेळ तो टोपी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला,
या दोन वर्षांत तिकडे वर कोण कोण गेलं?

मृत्यूची नोंदही आमच्याकडेच असते, पलीकडच्या कपाटात.
चार नावं निघाली.
एल्मा सालोनेन, वय ब्याण्णव.
योसिप ग्रॅगुरिच, खाणीतला, फुप्फुसं.
डेल बुशार्ड, झाड अंगावर आलं. (तो ट्रेगेम्बोचा मेहुणा.)
आणि कोस्कींची रोक्सॅन, एकोणीस वर्षांची,
बर्फावरून गाडी घसरली.
तिचं नाव मी खोडणार होते. शहाऐंशी साली
ती सात वर्षांची होती, हिशेब जमत नाही.
तो म्हणाला, राहू दे. माझ्या बसमध्ये यायची ती.

दोन हजार साली तो पडला, नऊशेनं. पाट्यांवर
शून्य रंगवायला जागा पुरली नाही म्हणे.

पण त्याआधीची गोष्ट : मे महिन्यात, बर्फ उतरल्यावर,
माझ्या दिरानं त्याला वरच्या दफनभूमीत पाहिलं.
राजधानीतलं अधिवेशन सोडून आलेला, अंगात तोच कोट.
हातात फुलं नव्हती, माझं ते पान होतं, घडी केलेलं.
चारही ठिकाणी तो उभा राहिला,
कुणाच्याच विरोधात नाही.
दीर म्हणतो, पोरीपाशी जरा जास्त वेळ.